तासी आब्राच्या घरातली शांतता

मी चित्रपटांच्या तळाशी येणारी वाक्यं लिहितो. पडद्यावर माणसं आमच्या एवे भाषेत बोलतात आणि ती काय बोलली ते खाली इंग्रजीत मी देतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर हे काम मिळालं. ते मला जमतं की नाही याची अजून खात्री वाटत नाही. प्रत्येक वाक्य पाठवल्यावर त्याहून बरं वाक्य सुचतं. कंपनीत मी कोपऱ्यातल्या टेबलाशी पुस्तकात तोंड घालून बसतो आणि कुणी विचारल्याशिवाय बोलत नाही. तेव्हा आता जे सांगणार आहे ते मी केलेलं नाही. माझ्यासमोर झालं, एवढंच.

आमची कंपनी आक्रा शहरात एका छापखान्याच्या वर आहे. चित्रीकरण संपलेले चित्रपट इथं येतात. ते कापले-जोडले जातात, त्यांचे रंग सारखे केले जातात, आवाज बसवले जातात. आवाजाची खोली सगळ्यात आत, जाड दाराची. तिथं कोर्कोई बसते. ती जेम्सटाउनच्या कोळ्यांची मुलगी, गा भाषा बोलणारी. आमच्या एवेतलं तिला 'या, जेवा' एवढंच कळतं, कारण तेवढंच उपयोगाचं आहे असं ती म्हणते.

एके सकाळी तिनं दारातून डोकं बाहेर काढलं.

"टीचर, जरा आत या. तुमच्या लोकांना गप्प बसता येतं का, एवढंच विचारायचंय."

प्रकरण एन्योनामच्या चित्रपटाचं होतं. एन्योनाम केटाची. तिकडे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाऱ्या पाण्याचं मोठं तळं आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर गाव. समुद्र दरवर्षी थोडं थोडं गाव खातो. एन्योनामनं तिथल्याच आपल्या आत्येवर चित्रपट केला होता. आत्येला आमच्याकडे तासी म्हणतात. ही तासी आब्रा. ती नटी नव्हती. स्वतःच्या घरात, स्वतःच्या स्टुलावर बसून तिनं काम केलं होतं. शेवटी मुलगा तिला न्यायला येतो. "तू हो पुढे," असं म्हणून ती बसून राहते. काही बोलत नाही, रडत नाही. नुसती बसते. त्या बसण्यासाठीच सगळा चित्रपट होता.

आणि ती गप्प झाली नेमकी तेव्हाच शेजारची मक्याची गिरणी सुरू झाली. चित्र सोन्यासारखं, आणि त्याखाली घरघर.

पुन्हा चित्रित करणं शक्य नव्हतं. नंतरच्या एका मोठ्या भरतीत घर गेलं. तासी मुलाकडे आफ्लाओला राहायला गेली, आणि नाताळच्या आधी तीही गेली.

निर्माता अम्पोफो माणूस वाईट नाही. त्याला चित्रपट शुक्रवारी वाहिनीकडे पाठवायचा होता. त्यानं चर्चच्या बायकांचं गाणं आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलं होतं. "गाणं घाला, गिरणी झाकली जाईल," असं त्याचं म्हणणं. एन्योनामनं त्याला सांगितलं होतं, "माझी आत्या गात नव्हती. ती बसली होती." शेवटी ठरलं ते असं: शुक्रवारपर्यंत कोर्कोईनं त्या घरातली शांतता आणून दिली तर ठीक, नाहीतर गाणं.

मला वाटायचं, शांतता म्हणजे काही नसणं. त्यात आणायचं काय? कोर्कोईनं मला खुर्चीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि एकामागून एक शांतता ऐकवल्या. कुमासीच्या एका देवळातली. एका इस्पितळाच्या व्हरांड्यातली. कोको साठवण्याच्या गोदामातली, आणि ती तर मला चक्क गरम वाटली. कुठंही कुणी बोलत नव्हतं, तरी एकही दुसरीसारखी नव्हती. इतकी वर्षं मी पुस्तकं वाचत बसलो त्या खोल्यांनाही असा आवाज असणार आणि तो मी एकदाही ऐकला नव्हता.

"चित्रीकरण संपलं की सगळ्यांनी एक मिनिट पुतळ्यासारखं उभं राहायचं," ती म्हणाली. "खोलीची शांतता टिपून घ्यायची. पुढं कुठं भोक पडलं की तिचंच ठिगळ लावायचं. इथल्याच लाबाडीच्या किनाऱ्यावरची लावून पाहिली, तर एन्योनामबाई म्हणतात, हा समुद्र आमचा नाही. आता तुमच्या याओनं तासीच्या घरात काय टिपलंय ते ऐका."

याओ म्हणजे त्या चित्रीकरणाचा ध्वनिमुद्रक, तोही केटाचाच. त्याचा आवाज आला: "तासी आब्राच्या घरातली शांतता. सगळे गप्प." मग समुद्र. मग कुंपणापलीकडून एक बाई:

"उजाडलं का हो, घरातल्यांनो?"

"उजाडलं," तासीचा आवाज.

"घरचे?"

"आहेत."

"पोरं?"

"आहेत. तुमच्याकडचे?"

"आहेत. अंग दुखत होतं ते?"

कोर्कोई माझ्या तोंडाकडे पाहत होती. "काय चाललंय? आग लागलीय का?"

"विचारपूस," मी म्हणालो. "जाणारी बाई खुशाली विचारतेय."

"शांतता टिपताना?"

"तिला काय माहीत? ती रस्त्यानं चालली होती."

"आणि म्हातारी? तिला तर सांगितलं होतं ना, गप्प बसा म्हणून?"

"कोर्कोई, दारातून कुणी खुशाली विचारली आणि घरानं उत्तर दिलं नाही, तर त्या घरात काय झालं असं लोक समजतील?"

पहिली बाई गेली. मग एक पुरुष आला. त्यानंही सगळं पहिल्यापासून विचारलं. या वेळी तासीच्या बरोबरीनं आणखी एक आवाज उत्तर देत होता, माईकच्या अगदी जवळून.

"हा कोण?"

मला सांगायला लाज वाटली. "याओ."

"याओ? माईक हातात धरून?"

"तो त्याचा मामा असावा."

ती इतकी हसली की बाहेरून कुणीतरी दार ठोठावलं. मग हसू ओसरलं, आणि ती पडद्यावरच्या त्या आवाजाच्या रेघेकडे बघत राहिली. बोलणं तिथं डोंगरासारखं दिसत होतं आणि मध्ये मध्ये सपाट जागा होत्या. अगदी लहान.

"टीचर, प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये म्हातारी थांबते."

"थांबते. लगेच उत्तर देणं उद्धटपणाचं असतं."

"मग शांतता आहे," ती म्हणाली. "तुकड्यांत आहे, एवढंच."

असं ते काम सुरू झालं. तिला एवे येत नव्हतं, म्हणून शब्द खरा कुठं संपतो ते मी सांगायचं. वाटलं तितकं ते सोपं नव्हतं. आमचे शब्द स्वरात संपतात आणि म्हाताऱ्या माणसांचा स्वर विझत विझत जातो. पडद्यावर रेघ सपाट दिसायची, पण मला वाटायचं, 'आहेत' अजून थोडं उरलंय. पुन्हा ऐकायचो. उरलंय की समुद्र आहे? मी म्हणायचो, "मला नक्की सांगता येत नाही." ती म्हणायची, "मग आणखी एकदा." तिला कधी कंटाळा आला नाही. मला मात्र दर वेळी भीती वाटायची की माझ्या चुकीनं कुणाच्या तरी शब्दाचं शेपूट त्या शांततेत राहून जाईल.

तुकडे गोळा झाले, पण नुसते जोडले तर समुद्राला उचकी लागल्यासारखं वाटत होतं. एका तुकड्यात लाट उभी राहत होती, दुसऱ्यात फुटत होती, तिसऱ्यात वाळूवरून मागं जात होती. कोर्कोईनं त्यांची वाटणी केली. मग उभं राहणं, फुटणं, मागं जाणं असं एकाला एक लावत तिनं अख्ख्या लाटा तयार केल्या. आमच्याकडचे विणकर चार बोटं रुंदीच्या पट्ट्या विणतात आणि शेवटी त्या शिवून एक कापड करतात. शिवण शोधूनही सापडत नाही. मी तसंच काहीतरी कानांनी पाहत होतो. समोरून समुद्राचा धक्का, मागून तळ्यातल्या लव्हाळ्यांची सळसळ, कधीतरी एखादा पाणपक्षी. जे घर आता पाण्याखाली आहे, त्याच्या भिंती कुठं होत्या ते डोळे मिटून दाखवता आलं असतं. माझ्या हातावर काटा आला. मी तो बाहीखाली झाकला.

एन्योनाम गुरुवारी आली. काळे कपडे, डोकं अजून दुखवट्याचं भादरलेलं. अम्पोफोही मागं उभा राहिला. तिनं चित्र नको म्हटलं. आधी नुसतं ऐकायचं होतं तिला. शेवटपर्यंत ऐकलं. मग तिनं मान हलवली.

"समुद्र आमचाच आहे. तळंही. तू हे कसं केलंस मला माहीत नाही, बहिणी." ती कोर्कोईकडे बघत नव्हती. "पण हे घर ते नाही."

"याओच्याच माईकवरचं आहे ते," कोर्कोई म्हणाली. "त्याच सकाळचं. मी बाहेरचं काहीही घातलेलं नाही."

"असेल. मला सांगता येत नाही."

अम्पोफोनं खाकरून घसा साफ केला. "बाई, बायका फार सुंदर गायल्यात हो. एकदा लावून तर बघा. उद्या दुपारी मला पाठवायचंच आहे."

एन्योनाम उठली. दारात थांबून स्वतःशीच काहीतरी पुटपुटली आणि गेली. कोर्कोईनं समोरचं जेवण, केंके आणि तळलेला मासा, तसंच बाजूला सारलं. तिच्या बाबतीत ही गोष्ट गंभीर समजावी.

"मेहनत गेली पाण्यात," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "जाताना ती काय म्हणाली? तुमच्या भाषेत काहीतरी म्हणाली."

मी तर ते ऐकून सोडून दिलं होतं. दुसऱ्याच्या स्वतःशी बोलण्याचा अर्थ सांगणं बरं दिसत नाही. पण माझं कामच ते.

"म्हणाली, आत कुणी नाहीये."

कोर्कोई परत पडद्याकडे वळली. तिनं ते मिनिट पुन्हा सुरुवातीपासून लावलं. बाईचा प्रश्न. थांबणं. मग 'आहेत'. आणि त्या 'आहेत'च्या अगदी आधी, मी आता ऐकलं, एक बारीक आवाज. नाकातून आत जाणारी हवा. प्रत्येक उत्तराच्या आधी.

"देवा," ती हळूच म्हणाली. "मी श्वास कापले. सवयीनं. तुकडा स्वच्छ करायचा म्हणून एकूण एक श्वास कापून टाकला." तिनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "टीचर, आपण त्या बाईला कुलूप लावलेल्या घरात बसवलं."

कापलेलं सगळं एका बाजूला जपलेलं होतं. ते तिनं परत काढलं. श्वास आत घेतल्याचे आवाज होते. सोडल्याचे थोडेच सापडले, कारण सोडलेला श्वास शब्दांत गेला होता. तेही तिनं वेचले. एक 'बरं' म्हटल्यावरचा, एक स्टुलावर सरकून बसतानाचा. मग तिनं चित्र लावलं. तासी आब्रा बसलेली. खांद्यावरचं कापड अगदी थोडं वर येतं, खाली जातं. कोर्कोई एकेक श्वास त्या कापडाखाली ठेवत गेली. एखादा पुढं पडला तर मागं ओढायची. इतका हळू ठेवायची की तो ऐकू आला असं म्हणता येऊ नये.

आणि एका क्षणी ती म्हातारी बसली.

मला दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही. त्याआधी ते चित्र होतं. मी मेलेल्या माणसांची पुस्तकं आयुष्यभर वाचली आहेत आणि ती माणसं माझ्याशी बोलतात असंही मला वाटत आलं आहे. पण त्यांच्यापैकी कुणी माझ्या शेजारी बसून श्वास घेतला नव्हता. मी खुर्ची थोडी मागं घेतली. तिला जागा हवी असं वाटलं.

कोर्कोईही बटणांवरून हात काढून बसली होती. "मी हे केलं का?" तिनं विचारलं. ती थट्टा करत नव्हती.

शुक्रवारी सकाळी एन्योनाम आली तेव्हा तिला कुणी काही सांगितलं नाही. तिनं आताही चित्र नको म्हटलं. अम्पोफो भिंतीला टेकून फोनकडे बघत होता. आवाज सुरू झाला. समुद्र, लव्हाळी. मग तो पहिला श्वास आला.

एन्योनामनं वळून बघितलं. आपल्यामागं कुणी येऊन बसलं की माणूस वळतं तसं. मागं फक्त मी होतो. माझ्याकडे बघून ती परत पुढं वळली, आणि तिचे खांदे खाली आले. ती रडत होती की नाही ते मला दिसलं नाही. मला दिसलं ते अम्पोफोचं. त्यानं फोन खिशात ठेवला होता, तोंड किंचित उघडं होतं, आणि त्याची छाती त्या श्वासाबरोबर वर-खाली होत होती. त्याला ते माहीतही नव्हतं. मग लक्षात आलं, माझीही होत होती. आम्ही चौघंही त्या खोलीत एका म्हाताऱ्या बाईच्या चालीनं श्वास घेत होतो.

आवाज संपला.

"नाना," अम्पोफो शेवटी मला म्हणाला. त्याच्या लोकांत आजोबाला अशीच हाक मारतात. "इथं खाली काही लिहायचं नाही ना तुम्हाला?"

"नाही."

"बरं." त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "गाणं काढा. चर्चच्या बायकांना मी सांगतो काहीतरी. शिव्या खाईन."

 एन्योनामनं कोर्कोईच्या मनगटावर हात ठेवला.

"हे आणखी लांब करता येतं?"

"चित्र तेवढंच आहे, बाई."

"चित्र राहू दे. नुसतं घर."

कोर्कोईनं तुकड्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हवं तेवढं."

"मग लाव," एन्योनाम म्हणाली. चपला काढून तिनं पाय खुर्चीवर पोटाशी घेतले.

खाली रस्त्यावर वाहिनीकडे जाणारी गाडी हॉर्न वाजवत होती. अम्पोफो बाहेर गेला. खिडकीतून ड्रायव्हरला तो थांबायला सांगताना आम्हाला ऐकू आलं. ड्रायव्हर काहीतरी उलट बोलला, अम्पोफो त्याहून मोठ्यानं. मग तो परत आत आला, पायांचा आवाज न करता, आणि छापखान्याची खडखड आत येऊ नये म्हणून त्यानं ते जाड दार मागं हळूच लावून घेतलं.