एक मिलिमीटर आऊट

माझ्या मुलीला सायकली दुरुस्त करायच्या आहेत, हे मला एका मंगळवारी रात्रीच्या जेवणाला कळलं आणि हातातला घास हातातच राहिला.

स्वरूपा सोळा वर्षांची. इंगोलश्टाटच्या गिमनाझियममध्ये दहावीला, गणितात वर्गात पहिली. आता पुढे आबिटूर, म्हणजे इथली बारावी, मग म्युनिकला इंजिनिअरिंग, हे मी मनातल्या मनात कधीच ठरवून टाकलं होतं. शाळेने कामाची ओळख व्हावी म्हणून दोन आठवडे एका सायकलच्या वर्कशॉपमध्ये पाठवली काय आणि ही तिथलीच होऊन बसली. तिथली मालकीण, फ्राऊ ब्रांडल, तिला आउसबिल्डुंग द्यायला तयार होती: शाळा सोडून साडेतीन वर्षं काम शिकायचं, शिकता शिकता पगार. मुलगी अठराच्या आतली, म्हणून करारावर आईवडील दोघांच्या सह्या हव्या होत्या. तीन आठवड्यांनी येणाऱ्या सोमवारी कागद पोचला नाही, तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार.

"पंक्चर काढायला आलो का आपण जर्मनीत?" मी विचारलं.

"पंक्चर काढायला पाच मिनिटं लागतात, बाबा. बाकीच्या साडेतीन वर्षांत दुसरंही शिकवतात."

हे ती जर्मनमध्ये म्हणाली. घरात ती जर्मन बोलते, आम्ही मराठी, आणि भांडणं दोन्ही भाषांत सारखीच रंगतात. इथे सगळं मराठीत सांगतो.

त्यानंतर तो कागद घडी घालून फ्रिजवर मॅग्नेटखाली लटकत राहिला. दूध काढायला मी दिवसातून चारदा फ्रिज उघडायचो, पण त्या कागदाला हात लावला नाही. अहिल्याने, माझ्या बायकोने, विषयच काढला नाही. मुलगी माझ्याशी "या" आणि "नाइन", म्हणजे हो आणि नाही, एवढ्यावर भागवत होती. मी मात्र जगाला ऐकवत होतो. बहिणीला पुण्यात फोन करून ऐकवलं, ऑफिसात कॉफी मशीनपाशी ऐकवलं. तिथल्या एका जर्मन सहकाऱ्याने "वा, छान! माझा मुलगा सुतार आहे," म्हणून माझं अभिनंदन केलं, तेव्हापासून तेही बंद केलं.

शेवटच्या आठवड्यात स्वरूपा माझ्या समोर येऊन उभी राहिली. हातात एक चाक.

"तू ऑफिसात न तपासता सही करतोस?"

मी गाड्यांच्या ॲक्सलची टेस्टिंग करतो. स्वतः टेस्ट पाहिल्याशिवाय रिपोर्टवर सही करायची नाही, हा माझा वीस वर्षांचा नियम, आणि तो मी घरात इतक्या वेळा ऐकवलाय की पडद्यांनाही पाठ असेल.

"नाही," मी म्हणालो.

"मग माझं काम तपास. हे तुझ्या बाईकचं नवं मागचं चाक. रिकामा हब आणि रिम घेऊन बत्तीसच्या बत्तीस स्पोक मी एकटीने भरलेत. शनिवारी तळ्यांवर जाऊ. चाकात आऊट आला, तर मी गुपचूप आबिटूर करीन आणि तू म्हणशील ते इंजिनिअरिंग. नाही आला, तर तू सही करायची."

आऊट म्हणजे फिरताना रिमने डावीउजवीकडे डोलणं. "किती आऊट चालेल?" मी विचारलं.

"दोन मिलिमीटर?"

"एक," मी म्हणालो. तिने होकारार्थी मान हलवली.

डांबर सोडून खडीच्या वाटांवर ग्रॅव्हल बाईक पळवणं हे आम्हा बापलेकीचं एकमेव सामायिक वेड. ती अकराची असल्यापासून दर उन्हाळ्यात आम्ही दक्षिणेला आल्प्सच्या पायथ्याच्या तळ्यांवर जातो. त्या शनिवारी पहाटेच्या गाडीने म्युनिक, तिथून कोखेल. पुढे केसेलबर्गचा घाट चढून वाल्खनझे, तळ्याच्या कडेने नीडरनाख, मग याखेनाउवरून लेंगग्रीसचं स्टेशन. कोखेलला उतरल्या उतरल्या तिने माझा टायर अंगठ्याने दाबून पाहिला.

"बाबा, दगड आहे हा."

"हवा टाईट पाहिजे."

"डांबरावर. खडीवर नाही." तिने वाकून फुस्सकन हवा सोडली. वीस वर्षं सस्पेन्शन ॲक्सलवर काम केलेल्या माणसाला टायरच्या हवेवरून बोलणी बसली, आणि तीही बरोबर होती. मी चढाला लागलो.

घाटातला जुना रस्ता जंगलातून जातो. एका वळणावर मोठे दगड पसरले होते. कडक टेस्ट घ्यायची असेल तर सरळ त्यांच्यावरूनच जायला हवं होतं. मी हँडल सरळ धरलं, आणि ऐन वेळी कडेने काढलं. पुढे पाण्याने खणलेली चरी आली, तीही मी टाळली. तळ्याकाठच्या उरफेल्डला पोचलो तेव्हा समोर हिरवंनिळं तळं पसरलं होतं, आणि माझं लक्ष मागून येणाऱ्या स्पोकच्या आवाजाकडे. तळ्याच्या कडेच्या वाटेवर तर मी एखादं झोपलेलं मूल पाठीशी बांधल्यासारखा चालवत होतो. मला ते चाक मोडायला नको होतं. मला सहीही करायची नव्हती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असू शकतात, हे मला विचारू नका.

"थांब!" स्वरूपा मागून ओरडली. तिने बाईक आडवी घातली. चेहरा लाल.

"तू दगड चुकवतोयस. मघापासून बघतेय मी. ही टेस्ट नाही. हे लाड आहेत."

"मी आपला सवयीने—"

"खोटं बोलू नकोस, बाबा. माझ्यावर दया करून सही नकोय मला."

तिचे डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता. मला शरम वाटली, आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटला. माझ्या टीममधल्या कुणीही मला कधी असं अडवलेलं नाही.

नीडरनाखच्या पुढे, जंगलात, लाकडं ओढून नेणाऱ्या ट्रॅक्टरांनी उखडलेली एक उतरण आहे. मुळं, खड्डे, डोक्याएवढे दगड. "इथून," ती म्हणाली. मी बाईक वर ढकलत नेली आणि ब्याऐंशी किलोचा सगळा भार मागच्या चाकावर टाकून खाली आलो. एकही दगड चुकवला नाही. चाक धाडधाड आपटत होतं आणि प्रत्येक आपटण्याला मी आतल्या आत "टिक रे बाबा, टिक," म्हणत होतो. मग तिने मला परत वर पाठवलं. तीनदा.

याखेनाउला एका बाकापाशी तिने माझी बाईक उलटी केली. फ्रेमला एक प्लास्टिकची पट्टी बांधली, टोक रिमपासून मोजून एक मिलिमीटरवर. रिम पट्टीला लागली की संपलं. तिने चाक फिरवलं.

टिक. टिक. टिक.

दर फेऱ्याला एकदा. ऐकू न आल्याचं सोंग करण्याइतका हळू आवाज, पण आम्हा दोघांनाही ऐकू आला.

"हरले," स्वरूपा म्हणाली. रडली नाही. पट्टी सोडायला लागली. "ठीक आहे. आबिटूर करते. ठरलं होतं तसं."

मी जिंकलो होतो. आयुष्यात इतकं वाईट मला फार कमी वेळा वाटलं आहे.

आणि मग मला माझीच चूक दिसली. नवीन जोड पहिल्या भाराखाली बसतो, थोडा सैल होतो. तो पुन्हा आवळायचा, मगच मोजायचं. हे मी नव्या पोरांना वीस वर्षं ओरडून सांगतोय. बत्तीस नवे स्पोक म्हणजे बत्तीस नवे जोड. ते एकदाही न आवळता मोजायची अट मी घातली होती, मी!

"पाना कुठाय तुझा?"

"कशाला? टेस्ट संपली."

"टेस्ट चुकीची होती. अट मी लावली, चुकीची लावली. आवळ."

तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं, पण पाना काढला. एकेक स्पोक बोटाने छेडायची, कान लावून ऐकायची, मग पाव आटा, कुठे अर्धा. डोळे अर्धवट मिटलेले. मी बाजूला आहे हे ती विसरून गेली होती. बारा मिनिटं लागली. चाक फिरलं, पट्टीला कुठेच लागलं नाही.

"तरी मी हरलेच," ती म्हणाली. "ठरलं ते ठरलं."

"कागद आणलायस?"

तिने बॅगेतून घडी काढली. मी पहिल्यांदाच ती उघडली. दुसऱ्या पानावर, खाली, अहिल्याची सही होती. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची, त्याच मंगळवारची. शेजारची रेघ रिकामी. न वाचता सही करत नाही म्हणून मिरवणारा मी, न वाचताच नाही म्हणून मोकळा झालो होतो. मी सगळी पानं वाचली, बाकावर बसून, सावकाश. मग सही केली. स्वरूपाने कागद हातात घेतला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून ती आता, सगळं झाल्यावर, हमसून रडली.

मी घरी फोन लावला, स्पीकरवर. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"केलीस?" अहिल्याने विचारलं.

"केली."

मग ती हळूच म्हणाली, "नागेश, खरं सांग. ती हरली असती, तरी केली असतीस ना रे?"

"ती हरलीच होती," मी म्हणालो.