खुडण्याआधीचा भाव

शंकरपुरात मल्लिगेचा, म्हणजे तिथल्या मोगऱ्याचा, भाव ठरायचा तो फुलं हातची गेल्यावर. पहाटे बायका कळ्या खुडत, केळीच्या दोऱ्याने बांधत, व्यापारी मोनप्पाचा माणूस टोपल्या उचलून नेई आणि दुपारी कधीतरी कळे, आज काय मिळालं ते. दारात मल्लिगेची झाडं असलेल्या आपोलिनला या रीतीची भयंकर चीड होती आणि जन्मभर गिळल्यामुळे ती चांगलीच मुरली होती.

त्या आठवड्यात धुक्याने कळ्या निम्म्यावर आल्या होत्या आणि लग्नं तर उतू चालली होती. तरी मोनप्पाने भाव पाडला. माल फार झालाय म्हणे! उडुपीच्या दुकानात तीच फुलं चौपट भावाने जाताना आपोलिनने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

सोमवारी मोठा मुहूर्त होता. त्या पहाटे तिने कळीला हातच लावला नाही आणि गल्लीतल्या बायकांनाही बसवून ठेवलं. शेजारची सुंदरी अक्का धास्तावली. ऊन चढलं की कळ्या उमलणार, उमललेलं फूल कुणी फुकटही नेत नाही, वर मोनप्पाने कायमची पाठ फिरवली तर खायचं काय, असं तिचं म्हणणं.

"खुडली की त्याची, अक्का. झाडावर आहे तोवर आपली," आपोलिन म्हणाली.

टोपल्या आल्या नाहीत तसा मोनप्पा स्वतः तिच्या फाटकाशी आला. आधी त्याने दम दिला, मग कालचाच भाव पुढे केला.

"बायम्मा, तासाभरात सगळं उमलेल. मग काय करशील?"

"माझ्या केसांत माळीन. तू नवरीला काय माळशील?"

मोनप्पाचा फोन वाजतच होता. त्याने भाव दुप्पट केला. आपोलिन झाड न्याहाळत बसली. उन्हाकडच्या कळ्या उमलायला लागल्या होत्या. पण ती उठली नाही. शेवटी मोनप्पा चौपटीवर आला.

"मला ऐकू आलं. आता गल्लीला सांग," ती म्हणाली.

त्याने रस्त्यात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असा भाव सांगितला. सुंदरी अक्का टोपली घेऊन धावली. घाईला आलेला मोनप्पा स्वतःच झाडाकडे वळला, तशी आपोलिन आडवी आली.

"हात लावू नकोस. आम्ही खुडतो. तू तोवर उद्याचा भाव बोल."