तीन बोटं कललेला खांब

"व्हर्लिन, येत्या शनिवारी मैदान आखायचं नाही," कॉलेजच्या खेळांचा डायरेक्टर व्हिटकॉम म्हणाला. बस असंसुद्धा म्हणाला नाही.

व्हर्लिन स्टकी टोपी हातात धरून उभा. हॅस्केट कॉलेजच्या फुटबॉल मैदानाची राखण करण्यात त्याची अडतीस वर्षं गेली होती. गवत त्याचं, फक्की त्याची, गोलाचे खांब त्याचे. असले पाच डायरेक्टर त्याने येताना पाहिले होते आणि जाताना त्यांची खोकी गाडीपर्यंत उचलून दिली होती.

"का नाही, साहेब?"

"सामनाच नाही म्हणून. ब्रेमर आता मोठ्या लीगमध्ये गेलं. त्या शनिवारी त्यांची टीम विमानाने पार समुद्रकाठी जाऊन खेळणार, टीव्हीवाल्यांना हवं तेव्हा. आपल्यासाठी त्यांच्याकडे आता तारीख नाही. विषय संपला."

"तुमचा संपला असेल," व्हर्लिन म्हणाला आणि टोपी घालून बाहेर पडला.

ब्रेमर म्हणजे नदीपलीकडचं कॉलेज. पूल ओलांडला की अकरा मैल. इकडच्याने तिकडची पोरगी केली तर लग्नात दोन्हीकडचे वऱ्हाडी वेगवेगळ्या बाजूला बसायचे, आणि शनिवारी सामना असेल तर शुक्रवारीच उरकून घ्यायचे. नोव्हेंबरातल्या टर्की खायच्या सणाआधीच्या शनिवारी हॅस्केट आणि ब्रेमर भिडले नाहीत असं एक साल गेलं नव्हतं. अठ्ठ्याण्णव सामने. एकोणपन्नास ब्रेमरने मारले, अठ्ठेचाळीस हॅस्केटने, एक बरोबरीत सुटला. म्हणजे आता खेळ थांबला तर हॅस्केट एकाने मागे. या सालापुरतं नाही, कायमचं. व्हर्लिन मरेल तेव्हाही एकाने मागे. पुलाजवळच्या पेट्रोलपंपावर ब्रेमरचं कुठलंही शेंबडं पोर त्याच्या नातवाला विचारणार, काय रे, किती झाले तुमचे?

आणि ती सीट. जुन्या ट्रॅक्टरची, ओतीव लोखंडाची, सात भोकांची. जिंकणाऱ्याला कप नाही, ढाल नाही, ही सीट. आणि ती कॉलेजांची नव्हेच, ती दोन्हीकडच्या मैदानवाल्यांची. पहिल्या सामन्याला बड्या लोकांनी भाषणं केली, फोटो काढले आणि बक्षीस ठेवायचंच विसरले. तेव्हा दोन मैदानवाल्यांनी भंगारातून सीट उचलली आणि धान्याच्या पावतीमागे करार लिहिला. तो अजून व्हर्लिनच्या शेडमध्ये खिळ्याला लटकत होता. गावाचा बाराचा भोंगा वाजला की सामना. ज्याच्याकडे सीट त्याने ती मैदानाच्या मधोमध आणून ठेवायची. भोंग्याच्या वेळी ज्याची अकरा माणसं मैदानात नसतील तो हरला. हरणाऱ्या मैदानवाल्याने जिंकणाऱ्याला सीटवर बसवून स्वतःच्या हाताने गरम चिली, म्हणजे घेवडा-मांसाचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचा गोड रोल वाढायचा.

गेल्या वर्षी वाढपी व्हर्लिन होता. ब्रेमरचा मैदानवाला डेलमार पँक्राट्झ, ज्याला सगळे डेल म्हणत, तो सीटवर ऐसपैस बसून म्हणाला होता, "मीठ कमी आहे गड्या. तुझे अश्रू पडू दे त्यात दोन."

संध्याकाळी व्हर्लिनने शेडमधला करार पुन्हा वाचला. अकरा माणसं, एवढंच लिहिलेलं. कुठली माणसं, ते नाही. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "आर्डा, लढाईच्या सालात पोरं सगळी फौजेत होती. तेव्हा कोण खेळलं होतं?"

"माझा आजा. दूधवाला. एक पाद्री होता, त्याचे दात पडले."

"तो सामना धरला ना मोजणीत?"

"धरला की. आपण हरलो होतो." आर्डाने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "काय शिजतंय रे तुझ्या डोक्यात?"

"तू चिली शिजव. मोठं पातेलं काढ."

मग त्याने डेलला फोन लावला.

"कोण मेलं?" डेलने विचारलं. दोघं वर्षातून एकदाच बोलत, मैदानावर. फोन म्हणजे मयतच.

"तुमचं कॉलेज. ऐक. शनिवारी मी मैदान आखतोय. बाराच्या भोंग्याला माझी अकरा माणसं उभी असतील. तू येणार का?"

"वेडा झालास काय? आमची टीम त्या वेळी विमानात असणार. आम्ही आता मोठी माणसं. आमचे नवे साहेब म्हणतात, हॅस्केट हे आमच्या 'पातळीचं' नाही."

"मग नका येऊ. एकोणपन्नास, एकोणपन्नास. बरोबरी."

"काय म्हणालास?"

"करार वाच. भोंग्याला जो नाही तो हरला. बारा वाजून एका मिनिटाने मी मैदानाच्या मधोमध बसून चिली खाणार."

"कशावर बसणार? सीट तर आमच्याकडे आहे! काचेच्या कपाटात, खाली दिवा लावलाय!"

"बादली उलटी घालून बसेन. माझ्या बुडाला चालतं."

"फुकटात बरोबरी घेतोस होय रे, चोरा!" डेल ओरडला आणि त्याने फोन आपटला.

व्हर्लिन हसला खरा, पण हसू काही टिकलं नाही. फुकटातली बरोबरी त्यालाही नकोच होती. त्याला डेल हवा होता, समोर, निळ्या टोपीत, तोंड वेंगाडून शिव्या देणारा. पण हे फोनवर सांगता येतं का?

शनिवारी उजाडताच तो फक्कीची गाडी घेऊन निघाला. कॅन्ससचा नोव्हेंबर, वारा असा की फक्की अर्धी जमिनीवर आणि अर्धी मिशीत. तरी रेघा सुतासारख्या आल्या. एकच गोष्ट राहिली. उत्तरेकडच्या गोलाचा डावा खांब जूनच्या वादळात तीन बोटं आत कलला होता. आज करू, उद्या करू म्हणत व्हर्लिनने तो तसाच ठेवला. बघणाऱ्याला दिसायचा नाही. व्हर्लिनला रोज दिसायचा.

दहा वाजता व्हिटकॉम गाडीतून उतरला. पायात चकचकीत बूट.

"व्हर्लिन, हे कोणाच्या परवानगीने?"

"भोंग्याच्या."

"कोणाचं हाड मोडलं तर जबाबदार कॉलेज! विमा नाही या प्रकाराचा! आणि उद्या आपल्यालाही वरच्या लीगमध्ये जायचंय, तिथले लोक असली जत्रा बघून काय म्हणतील?"

"साहेब, नोकरी काढून घ्यायची तर सोमवारी घ्या. आज मला काम आहे. आणि बाजूला व्हा, रेघेवर उभे आहात."

व्हिटकॉम खाली बघून बाजूला झाला. बुटाला फक्की लागलीच.

अकराच्या सुमाराला लोक यायला लागले. कोणी जाहिरात केली नव्हती. आर्डाने दुकानात चार जणींना सांगितलं होतं, तेवढं पुरलं. जुन्या लाल जर्स्या बाहेर पडल्या, पोटावर न बसणाऱ्या. व्हर्लिनची अकरा माणसं तयार झाली. एक गुरांचा डॉक्टर, दोघं गव्हाचे शेतकरी, दाढी पांढरी झालेले तीन जुने खेळाडू, असे कोणी कोणी. आणि जोलीन, शाळेची बस चालवणारी. शाळेत असताना तिची लाथ सगळ्या तालुक्यात सरळ म्हणून नावाजलेली.

पावणेबारा झाले. पुलाकडचा रस्ता मोकळा.

"येत नाहीत ते!" गुरांचा डॉक्टर हात चोळत म्हणाला. "बरोबरी झाली समज!"

लोक टाळ्या वाजवायला लागले. आर्डाने पातेल्याचं झाकण उघडलं. कोणी तरी खरंच बादली आणून मैदानाच्या मधोमध उलटी ठेवली. व्हर्लिन तिच्याशेजारी उभा राहिला, पण बसला नाही. त्याची नजर पुलावर. एवढी वर्षं ज्या माणसाचं तोंड बघून डोकं उठायचं, ते तोंड आता दिसत नव्हतं म्हणून तो टाचा उंचावून रस्ता बघत होता.

"बस की!" मागून कोणी ओरडलं.

"भोंगा होऊ दे," व्हर्लिन गुरकावला.

बाराला चार मिनिटं असताना पुलावर धूळ उठली. एक पिकअप, तिच्यामागे दुसरी, मग अख्खी रांग, आणि हॉर्न असे की बायाबापड्यांनी कान झाकले. पहिली गाडी थेट गवताच्या कडेला येऊन थांबली. आतून डेल उतरला, निळी टोपी, काखेत गोधडीत गुंडाळलेलं काही तरी जड. मागून दहा जणं उड्या मारत आली, निळ्या जर्स्या वर-खाली ओढत.

"फुकटात बसतोस?" डेल लांबूनच ओरडला. "बस! बसून दाखव! माझ्या जिवात जीव असेपर्यंत तुला बरोबरी मिळेल होय?"

"अकरा मोज आधी! मला दहाच दिसतात!"

"अकरावा मी!"

"तुझे गुडघे?"

"तुझ्यासाठी पुरेत!"

त्याने लाथेने बादली उडवली, गोधडी सोडली आणि सात भोकांची सीट मधोमध ठेवली. तेवढ्यात भोंगा वाजला. दोन्हीकडच्या लोकांनी जी बोंब ठोकली, तिच्यापुढे भोंगा कुठल्या कुठे विरून गेला.

खेळ काय सांगू? चेंडू कुशीत घेऊन पळायचं आणि समोरच्याने त्याला आडवं करायचं, हा तो फुटबॉल. पण इथे बरेच जण आपापलेच आडवे झाले. एक शेतकरी वीस पावलं पळाला आणि धाप लागून प्रतिस्पर्ध्याच्याच खांद्यावर टेकला. डेलने गुरांच्या डॉक्टरला कंबरेत धरून पाडलं आणि वर म्हणाला, "माझी गाय का मेली ते आता कळलं, तुला हलताच येत नाही!" अंतर मोजायची साखळी धरायला एक माणूस कमी होता. व्हिटकॉम कडेला उभा होताच. आर्डाने साखळीचं टोक त्याच्या हातात दिलं. "नुसते उभेच आहात तर धरा." तो नाही म्हणेपर्यंत चेंडू पुढे गेला होता, आणि साखळी सोडून कसं चालेल?

ब्रेमरने आधी सहा गुण मारले आणि वरच्या एका गुणाची लाथही घातली. सात. हॅस्केटने अर्ध्या तासाने सहा मारले, पण वरच्या लाथेला चेंडू पकडणाऱ्याच्या हातातून निसटला. सात विरुद्ध सहा. मग कोणालाच काही जमेना, सगळे दमलेले.

शेवटचं एक मिनिट उरलं तेव्हा चेंडू हॅस्केटकडे, उत्तरेकडच्या खांबांपासून तीस पावलांवर. लाथ मारून चेंडू दोन खांबांमधून गेला की तीन गुण. नऊ विरुद्ध सात. बरोबरी! एकोणपन्नास, एकोणपन्नास!

जोलीन पुढे आली. तिने वाऱ्याकडे पाहिलं आणि बुटाचं टोक गवतावर घासलं.

तेव्हा व्हर्लिनने तिच्या समोर पाहिलं. उत्तरेकडचा गोल. डावा खांब.

"जोलीन!" तो ओरडला. "उजवीकडे! जरा उजवीकडे धर!"

पण लोकांच्या गोंगाटात तिला काय ऐकू जाणार. तिने लाथ मारली. देखणी लाथ, ओळंब्याने मारल्यासारखी, जशी ती शाळेत मारायची तशीच, डाव्या खांबाच्या अगदी आतल्या कडेने. खांब सरळ असता तर चेंडू आत गेला असता. तो वरच्या टोकाला टणकन आपटला, क्षणभर हवेत लटकला आणि बाहेर पडला.

निळी माणसं एकमेकांच्या अंगावर कोसळली. लाल माणसं जागच्या जागी बसली. जोलीन व्हर्लिनकडे वळली, "सरळ मारली होती रे मी!"

"सरळच होती पोरी," तो म्हणाला. "खांब नव्हता."

पन्नास, अठ्ठेचाळीस. दोनाने मागे.

करार म्हणजे करार. व्हर्लिनने वाडगा भरला, रोल घेतला आणि मधोमध गेला. डेल सीटवर बसला होता, नाकातून रक्त, तोंडभर हसू. चिली घेतली, घोट मारला.

"या वर्षी मीठ बरोबर आहे."

"आर्डाने केलीय. ही सीट कपाटातून काढलीस कशी? सोमवारी तुला हाकलतील."

"कशाला हाकलतील? सीट कपाटातच आहे." डेलने रोलचा तुकडा चिलीत बुडवला. "पण ती माझ्या बापाच्या पेरणीयंत्राची. हिला सात भोकं, तिला नऊ. ट्रॅक्टरवर बसलेलं कुठलंही पोर लांबून ओळखेल. आमचे नवे साहेब तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात."

"कधी बदललीस?"

"ऑगस्टमध्ये."

व्हर्लिनने हिशेब केला. फोन तर परवाचा. "म्हणजे माझ्या फोनच्या आधीच तू..."

"खाऊ दे की सुखाने!" डेल वाडग्यात तोंड घालून म्हणाला.

व्हिटकॉम आला. हातात अजून साखळी. "व्हर्लिन, मला याचा अहवाल द्यावा लागेल."

"द्या साहेब. सात-सहा लिहा त्यात. आणि पुढच्या वर्षी सामना ब्रेमरला आहे हेही लिहा."

"त्यांच्या मैदानाला कुलूप असतं," व्हिटकॉम म्हणाला.

"कुलपाची किल्ली कोणाकडे असते?" डेलने विचारलं आणि कमरेचा जुडगा वाजवला.

लोक पांगले तसा व्हर्लिन शेडमधून कुदळ, पहार आणि ओळंबा घेऊन उत्तरेच्या गोलाकडे निघाला. डेल लंगडत मागे आला.

"आता कशाला? पुढचा सामना तर आमच्याकडे."

"त्याच्या पुढचा इथे आहे."

डेलने खांबाकडे एक डोळा मिटून पाहिलं आणि मांडीवर थाप मारली. "तीन बोटं! लेका, तूच आम्हाला जिंकवलंस!"

"तोंड मिट आणि ओळंबा धर."

डेलने टोपी मागे सारली, ओळंबा धरला आणि व्हर्लिनने खांबाच्या बुडाशी पहिली कुदळ घातली.