दस्तरखानावरचं घर

अम्मांचा चाळिसावा होऊन गेला, तरी जुबैदाला रडू आलं नाही. लोकांनी काही दिवस वाट पाहिली आणि मग ते आपापल्या कामाला लागले. ती स्वतःही वाट पाहत होती म्हणा. फणसोपच्या घरून मय्यत उठली तेव्हा बायकांनी तिला धरून बसवलं होतं. "रड गो, मोकळी हो," असं म्हणत पाठीवरून हात फिरवला होता. तिने मान हलवून "हो" म्हटलं होतं, कुणी चहा घेणार का विचारावं आणि आपण हो म्हणावं, तसं. पुढे विमान, बहरीनमधलं मनामा, तिथल्या हूऱ्यातल्या फ्लॅटचा जिना. नजीबने दार उघडलं, ती आत आली, बुरखा खुंटीला अडकवला आणि तांदूळ निवडायला बसली.

नेम मात्र एकही चुकला नाही. पहाटे फजरच्या नमाजानंतर अम्मांच्या नावाने कुराणातली यासीन, असरनंतर तसबीह, गुरुवारचा रोजा. ओठ हलत, मणी सरकत. आत कुणी ऐकत असेल का, याची तिला खात्री नव्हती. पण नेम तुटू द्यायचा नाही, एवढं अंगात भिनलेलं होतं. कधीतरी ऐकू येईल, या भरवशावर ती म्हणत राहिली.

काळजी करण्यासारखं एक कारण मात्र उभं होतं, आणि त्याची काळजीसुद्धा तिला नीट करता येत नव्हती. नजीब ज्या व्यापाऱ्याकडे कारकून होता त्याने कारभार मुलाच्या हाती दिला होता. मुलाला सगळं काम कॉम्प्युटरवर हवं होतं. वर्ष सरलं की नजीबचा व्हिसा खलास. मग बायको आणि शाळा संपत आलेली अस्मा यांना घेऊन गावी जायचं. पण गावी म्हणजे कुठे? राजापूरच्या त्याच्या घरात भावांचे संसार दाटीवाटीने नांदत होते. तिथे एक ट्रंक ठेवायची म्हटली तरी दुसरी बाहेर काढावी लागली असती.

म्हणून सगळी भिस्त एका खोलीवर होती. अम्मांचे पाय गेले तेव्हा जुबैदा इथला संसार नवऱ्यावर आणि मुलीवर टाकून फणसोपला गेली होती. माजघरात निजलेल्या अम्मांना येणाऱ्या-जाणाऱ्यांची लाज वाटायची. तेव्हा जुबैदाने हातातल्या पाटल्या मोडल्या आणि स्वैपाकघरामागची पडवी चिऱ्याने बांधून घेतली. आत पलंग, शेजारी न्हाणी. शेवटची दोन वर्षं मायलेकी तिथेच राहिल्या. अम्मांनी तिला बजावलं होतं, "पोरांना सांगू नको हां. आयेला चालता येत नाय, हे कळलं तर तिकडे त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाय." जुबैदाने सांगितलं नाही; ती अम्मांच्या सोबतीला राहते, एवढंच भावांना ठाऊक होतं. मोठा भाऊ वकार मातीला पोचलाच नाही, दुसऱ्या दिवशी आला. आल्यापासून तो ओट्यावर पुरुषांत बसलेला. मागच्या बाजूला गावच्या बायका बसलेल्या, तिकडे तो कशाला जाईल? धाकट्या ताहिरला तर हॉटेलातून रजाच मिळाली नाही.

"ही खोली तुजी," असंही अम्मा म्हणाल्या होत्या. पण वारसाला असं तोंडी देऊन चालत नाही, बाकीचे कबूल असले तरच ते खरं, हे जुबैदाला ठाऊक होतं. म्हणून ते तिने कुणापाशी काढलंच नाही.

शुक्रवारी जुम्म्यानंतर दोघे भाऊ जेवायला आले. इथल्याच सनदहून वकार आणि त्याची बायको नाझिश, झल्लाकच्या हॉटेलातून ताहिर. कशासाठी आले ते सगळ्यांना माहीत होतं. भावंडांनी मोकळं बोलावं म्हणून नजीब दोन घास खाऊन उठला, "मी जरा शेजारच्या बाळाजीकडे जाऊन येतो," म्हणाला आणि चपला घालून निघून गेला. अस्मा आतल्या खोलीत अभ्यासाला बसली होती. नाझिशच्या हातात सूकबाजारातल्या दुकानाची पिशवी होती. ती तिने जुबैदाच्या शेजारी भिंतीला टेकवून ठेवली. आत कापड असणार.

त्यांच्या घराण्यात बहीण हिस्सा मागत नाही. बापाच्या पश्चात भाऊ कापड आणून बहिणीच्या मांडीवर ठेवतो. बहीण ते उचलून डोळ्यांना लावते आणि हिस्सा सोडत म्हणते, "माफ केलं." झालं. त्याच्या बदल्यात माहेर उघडं राहतं, आंबे येतात, बाळंतपणाला बोलावणं येतं, आणि शेवटी कफनाचं कापडही माहेरूनच येतं. अब्बांच्या मागे अम्मा होत्या, तोवर हा विषय निघाला नव्हता.

जेवणं झाली. जुबैदा ताटं उचलायला वाकली तसा वकार म्हणाला, "राहू दे. ह्याच्यावरच दाखवतो."

त्याने दस्तरखान हाताने साफ केला आणि भाकऱ्यांचं ताट पुढे सरकवलं. "हा ओटा. ही परात म्हणजे माजघर. हा कालवणाचा टोप, स्वैपाकघर. हे दोन पेले..."

"न्हाणी उलट्या बाजूला, भाई," ताहिर म्हणाला.

"तुला काय ठाऊक? तू तेव्हा चड्डीत होतास."

"चड्डीत होतो म्हणून तर ठाऊक. अम्मा तिथेच धरून घासायची मला. अजून पाठ दुखते."

नाझिश हसली. वकारही हसला आणि पेले उचलून पलीकडे ठेवले. मग त्याने चमचे घेतले आणि परातीच्या मधोमध एकामागे एक मांडत नेले. "ही भिंत. माडांकडचं माजं, विहिरीकडचं तुजं."

"मला विहीर घेऊन काय करायचंय? मी काय तिथे राहणार हाय? मी विकणार."

"विकणार? कुणाला?"

"जो घेईल त्याला."

"आणि तो परका माणूस माज्या भिंतीला खिळे ठोकणार? माज्या बायकोने पाणी कुठे भरायचं मग?"

"अहो, मला काय पाणी भरायला नेताय गावी?" नाझिश म्हणाली. "इथे नळाचं पाणी भरून कंबर मोडली, ती पुरे झाली."

"तू मध्ये बोलू नको."

"बरं, मफी," नाझिश अरबीत म्हणाली. "नाय बोलत."

भाऊ वाद घालत राहिले. परात इकडे सरकली, तिकडे सरकली. माळा कुणाचा आणि आंब्याचं झाड नक्की कुणाच्या हद्दीत, यावर आवाज चढले. जुबैदा गुडघ्यांवर हात ठेवून बघत होती. टोपाच्या मागे दस्तरखानावर छापलेली गुलाबी फुलं होती, आणखी काही नव्हतं. तिची खोली कुणी मांडलीच नव्हती. भाऊ मांडत होते ते त्यांनी सोडलेलं घर होतं. ती पडवी त्यांच्या लेखी अजून उघडी होती, सुकी मासळी आणि जळाऊ लाकडं ठेवायची.

गप्प राहिलं तर? हा विचार आला तो दुसऱ्या कुणाचा असावा, तसा आला. वाटणीचे कागद होतील, भिंत उठेल. मागे एक खोली आहे ती कुणाच्याच नावावर नाही. आपण जाऊन ट्रंक टाकायची. तिथे राहणारं कुणी नाही, विचारणारंही कुणी नाही. हे पाप आहे, हेही तिला कळलं. आणि त्याचं काहीच वाटलं नाही. तेव्हा मात्र ती दचकली. अल्लाची भीतीसुद्धा वाटेनाशी झाली की माणसाजवळ उरतं काय?

तिने आपली वाटी उचलली. तळाशी खीर चिकटलेली होती. ती वाटी तिने टोपाच्या मागे ठेवली.

"हे काय?" वकारने विचारलं.

"इथे एक खोली हाय, भाई. चिऱ्याची. मी बांधली."

मग तिने सगळं सांगितलं, पाय गेल्यापासून. सांगताना आवाज एकदाही हलला नाही. रेडिओवर बातम्या लागाव्यात तसं ती बोलत होती.

"अम्माला चालता येत नव्हतं?" ताहिरने विचारलं. "मला तर फोनवर म्हणायची, आत्ताच विहिरीवरून आले."

वकार वाटीकडे बघत होता.

"बांधायच्या आधी विचारायचं होतंस. जागा अब्बांची."

"म्हणून तर सांगते. वाटणीत धरा. माज्या हिश्श्यात धरा."

"हिश्श्यात," वकार म्हणाला. त्याने तो शब्द हळूच उच्चारला, जणू लहान मुलाच्या तोंडून शिवी ऐकली होती. नाझिशने बोटातली अंगठी फिरवायला सुरुवात केली. आतल्या खोलीत अस्माच्या वहीची पानं उलटायची थांबली.

वकारने पिशवी ओढली, आतलं कापड काढलं आणि उठून स्वतःच्या हाताने बहिणीच्या मांडीवर ठेवलं. अबोली रंगाचं, मऊसूत, किनारीला बारीक बुट्टी. निवडताना नाझिशने वेळ घेतला असणार. "अम्माच्या नावाने आणलंय," तो म्हणाला. आवाज खरोखर मऊ झाला होता. "घे, जुबैदा. राहायला यायचं तर ये, तुला कोण नाय म्हणतंय? पाहुणी म्हणून ये, महिना राहा, दोन महिने राहा."

हात उचलला असता तर उचलला गेला असता. जड असं काही नव्हतं. तिने तो तसाच ठेवला.

"भाई, मी माफ नाय करत."

"फुफीने, अब्बांच्या सख्ख्या बहिणीने, कधी तोंड उघडलं होतं?"

"नाय. माफ केलं म्हणाली, डोळ्यांना कापड लावलं." जुबैदा म्हणाली. "म्हातारपणी आली ती आपल्याच ओट्यावर निजायची, आठवतं? पावसात चटई गुंडाळून दाराशी बसायची. आत ये असं कुणी म्हटलं नाय. मी तिला ताट नेऊन द्यायचे. ती मला म्हणायची, तुज्या अब्बांना सांगू नको हां, मला थंडी वाजते म्हणून."

खालून गाडीचा हॉर्न ऐकू आला, मग थांबला.

"म्हणजे अब्बा वाईट," वकार म्हणाला.

"मी तसं नाय म्हटलं."

"मग ऐक." तो उभाच होता. "हिस्सा घे. मौलवीसाहेबांना विचारून शरीयतीत बसेल तेवढा देतो. दोन भाऊ, एक बहीण, जो होईल तो. दाणाभर कमी देणार नाय. मलाही वर तोंड दाखवायचंय. ही खोली त्यात येते का बघू. आली तर तुजी. पण मग आपलं खलास. माज्या बाजूचं दार तुला नाय. ईद नाय, आंबे नाय. आणि कफनाची आस धरू नको."

"भाई!" ताहिर ओरडला. "यल्ला, चल आता. फार बोललास."

"बोललो ते बोललो."

"बरं," जुबैदा म्हणाली.

ती एवढंच म्हणाली म्हणून वकार आणखी चिडला असावा. ती रडली असती, भांडली असती, तर कदाचित त्याने शब्द मागे घेतला असता. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. तिने मनात शोधून पाहिलं, भावाला देण्यासारखं काही आहे का. काही सापडलं नाही. मग तो वळला आणि दारातून निघून गेला.

नाझिशने तिच्या मांडीवरून कापड उचललं, पुन्हा घडी केली, पिशवीत घातलं. "शिवलं असतंस तर तुला खुलून दिसलं असतं गो," ती हळू आवाजात म्हणाली आणि नवऱ्यामागोमाग गेली.

ताहिर दाराशी रेंगाळला. "आपा, मग ती विहीर? मला बालदीचा आवाज यायचा फोनवर."

"ती मला सांगायची, वाजव. मी कडी वाजवायचे, तांब्याने पाणी ओतायचे."

ताहिर हसला. हसता हसता त्याने भिंतीला हात टेकला आणि कपाळ हातावर ठेवलं. त्याचे खांदे हलत होते. जुबैदाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, बायकांनी तिच्या पाठीवरून फिरवला होता तसाच. "माजं काय ते तू म्हणशील तसं," तो नाक पुसत म्हणाला. "स्वैपाकघर माज्या वाटणीला आलं तर तू वापर. विकताना बघू." आणि जिना उतरून गेला.

तिने भांडी उचलली. ओटा, माजघर, न्हाणी सगळं सिंकमध्ये गेलं. संध्याकाळी मगरीबच्या अजानीनंतर नजीब परत आला. दारातच त्याने तिचा चेहरा पाहिला. पण त्या चेहऱ्यावरून हल्ली काही कळत नसे, म्हणून त्याला विचारावं लागलं.

"काय झालं?"

"खोली बहुतेक मिळेल."

"अल्हम्दुलिल्ला." तो धपकन खुर्चीत बसला. कितीतरी दिवसांनी त्याचे खांदे सैल झाले. "आणि भाई?"

"भाईने तोडलं."

नजीबने डोक्यावरची टोपी काढून तिची घडी घातली. मग, माणूस नव्या घराबद्दल विचारतो तसं, जरा उत्साहानेच त्याने विचारलं, "उजेड येतो ना आत? खिडकी कुठल्या बाजूला हाय?"

"खिडकी नाय. अम्मांना वारा सोसत नव्हता. वर झरोका हाय."

"मग गेल्यावर काढून घेऊ एक. गवंडी हाय ना तो रखमाचा नवरा?"

जुबैदाने मनात खोलीला फेरी घातली. एका अंगाला स्वैपाकघर. एका अंगाला न्हाणी. तिसऱ्या अंगाला शेजाऱ्यांचा दगडी गडगा, पार भिंतीला भिडलेला. राहिली ती माडांकडची भिंत.

"एकच भिंत मोकळी हाय," ती म्हणाली. "तिथली खिडकी भाईच्या बाजूला उघडेल."

"मग?"

"मग झरोका हाय," जुबैदा म्हणाली आणि अस्माला जेवायला हाक मारली.