पहिले दोन महिने

"बिल्ल्यावर हुद्दा काय घालू?" नोंदणीच्या टेबलामागच्या मुलीनं विचारलं.

फोनताईंनी माझ्याकडे बघितलं. एकोणीस वर्षं त्या आमच्या ऑफिसात आहेत, पण त्यांच्या कामाला हुद्दा असा कुणी दिलेलाच नाही. ज्या घरातून आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, अशा घरातली मुलं आम्ही शोधतो. त्यांचे फॉर्म मी भरतो, आणि प्रवेश मिळाल्यावर मूल खरोखर वर्गात जाऊन बसेपर्यंत त्याच्या आणि त्याच्या आईबापांच्या मागे लागतात त्या ताई. सगळं फोनवरून. म्हणून फोनताई.

"समन्वयक लिहा," मी ठोकून दिलं. "हल्ली सगळेच समन्वयक असतात."

ताईंचं लक्ष नव्हतं. कॉलेजप्रवेश आणि युवासंपर्क या विषयावरची ती परिषद, पाच सभागृहं, उशीला चालेल एवढी जाड फाइल, आणि ताई त्यातल्या एकाच पानावर बोट ठेवून उभ्या होत्या. अकरा वाजता, तिसरं सभागृह, 'वसतिगृहातले पहिले दिवस'. बोलणाऱ्या तिघांत एक नाव त्यांच्या मुलीचं होतं. घरी ती ठकी. दुसऱ्या शहरातल्या एका कॉलेजात ती विद्यार्थी मदत कक्ष सांभाळते. मायलेकींची दीड वर्षात भेट नव्हती.

"जेवायला आम्ही दोघीच बसू," ताई म्हणाल्या. सकाळपासून तिसऱ्यांदा. "तू आपला दुसरीकडे बस हं. मला तिच्याशी मोकळं बोलायचंय."

"बसतो की. मी काय तुमच्या ताटात जेवणारे?"

आता आमच्या सूचना क्रमांक चारबद्दल सांगायला हवं. फार वर्षांपूर्वी, एकाच वर्षी आमची अकरा मुलं सहामाहीच्या आत गाठोडं बांधून घरी परत आली. ताईंनी एकेकाला खोदून विचारलं. प्रत्येकाचं एकच. आईचा फोन आला, आई रडली, मग मीही रडलो, मग निघालो. ताईंनी मीटिंगमध्ये टेबल वाजवून मागणी केली आणि पालकांच्या पत्रकात चौथी सूचना छापली गेली: पहिले दोन महिने घरून मुलांना फोन करू नये. मूल करेल तेव्हा बोलावं. तेव्हापासून दरवर्षी ताई ती सूचना घरोघरी फोनवर वाचून दाखवतात, आणि समोरच्या आईकडून 'हो' वदवून घेतल्याशिवाय फोन ठेवत नाहीत.

नऊ वर्षांपूर्वी ठकी शिकायला बाहेर गेली. ताईंनी सूचना पाळली. ते दोन महिने मी शेजारच्या टेबलावरून बघितलेत. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांशी बोलायचं, "डबा आवडतो का रे?", "पांघरूण पुरतं ना गं?", आणि मध्येच स्वतःचा मोबाइल उचलून बघायचा, पुन्हा उपडा ठेवायचा. मी एकदा म्हटलं, करा की, कोण बघतंय? तर माझ्यावरच डाफरल्या. लोकांना सांगायचं एक आणि आपण करायचं एक, हे जमत नाही म्हणाल्या मला.

सभागृहात आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. ठकी मंचावर आली. केस कापलेले, चष्मा नवा. ताईंनी माझा दंड धरला आणि हळूच म्हणाल्या, "वाळलीय."

तिनं आईला पाहिलं नसावं. समोरचे दिवे डोळ्यांवर येत होते.

"आमच्या घरी एक नियम होता," ठकी माइकवर बोलू लागली. आवाज अगदी आईचा. "पहिले दोन महिने घरून फोन नाही. मला तो तोंडपाठ होता, कारण तो करणाऱ्या घरातच मी वाढलेय. पण मला वाटायचं, तो नियम दुसऱ्यांच्या मुलांसाठी आहे. माझ्या खोलीतल्या मुलीच्या आईचा दिवसातून तीनदा फोन यायचा. ती वैतागायची. मी मात्र रोज संध्याकाळी मोबाइल मांडीवर घेऊन बसायचे. आज माझी आई नियम मोडेल, आज मोडेल. नाही मोडला. मग मीही हट्टाला पेटले. म्हटलं, आपणही नाही करायचा. त्या दोन महिन्यांत मी घरी फोन न करायला शिकले, आणि खरं सांगते, ती सवय अजून गेलेली नाही."

सभागृहानं टाळ्या वाजवल्या. परिषदेत कशालाही वाजवतात. माझ्या पुढच्या बाईंनी वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघाही ओढल्या. ताईंकडे बघायची माझी छाती झाली नाही.

प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि बघतो तर ताईंचा हात वर. माइक त्यांच्याकडे आला.

"नाव आणि संस्था सांगा," मंचावरचे अध्यक्ष म्हणाले.

"मी पालक आहे," ताई म्हणाल्या. ठकीनं कपाळावर हात आडवा धरून खाली बघितलं, आणि बघतच राहिली. "त्या आईला आठवण येत होती. खूप येत होती. तिला वाटायचं, मुलगी रमली असेल, म्हणून करत नाही. एवढंच."

"मॅडम, आपला प्रश्न काय?"

"प्रश्न नाही," असं म्हणून ताई खाली बसल्या.

जेवणाच्या वेळी ठकीभोवती माणसांचा गराडा. कुणाला तिचा नंबर हवा, कुणाला तिला आपल्या गावी बोलवायचंय. ती सुटून आली तेव्हा तिच्या गाडीला अर्धा तास उरला होता.

"आई, तू बसलीयस हे कळलं असतं तर नसते गं मी बोलले."

"बरं झालं बोललीस. काही खाल्लंस का?"

"गाडीत खाईन."

दोघी खांबाआड उभ्या राहिल्या. एकोणीस वर्षं परक्या पोरांना तासतास बोलतं ठेवणारी ही बाई, आपल्या मुलीपुढे शब्द शोधत होती. मला बघवेना, मी चहा आणायच्या निमित्तानं सटकलो. परत आलो तर ताई एकट्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात पोचायच्या आधीच ताईंनी यंदाची यादी काढून ठेवली होती. एकतीस घरं. मुलं जाऊन पाच आठवडे झालेले.

"सूचना मागे घेतेय," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना सांगते, आजच्या आज पोरांना फोन करा. माझ्यापायी किती आया ताटकळल्या असतील रे."

लिहायला हात मोकळा हवा म्हणून त्या फोनचा स्पीकर लावतात. पहिल्या आईनं सगळं ऐकून घेतलं आणि तिला हसू फुटलं. "रागावू नका हं ताई. मी तर त्याची बस वळणाआड गेली तेव्हाच लावला होता."

दुसऱ्या घरी वडील होते. ते कुजबुजले, "मी दुकानातून करतो हो. हिला सांगू नका, ती तुमचं ऐकणारी आहे." त्याच घरातल्या आईचा दहा मिनिटांत उलटा फोन आला. ती दुपारी करत होती, यांना सांगू नका म्हणाली.

मी हसून लोळायचा बाकी राहिलो. दुपारपर्यंत सत्तावीस घरं झाली. कुणी रोज करत होतं, कुणी एकाआड एक, एक आजी तर नातवाला पहाटे उठवायलाच करायच्या. सगळ्यांनी ताईंना 'हो' म्हटलं होतं, आणि सगळ्यांनी खुशाल फोन लावले होते.

"म्हणजे एकानंही पाळला नाही तुमचा नियम?" मी डोळे पुसत विचारलं.

ताईंनी यादीवर खूण केली. खालमानेनंच म्हणाल्या, "पाळला की. एका घरी पाळला."

आणि त्यांनी अठ्ठाविसावा नंबर लावायला घेतला.