एकाच पायाला सुई

कोंढा गावच्या शकुनबाईच्या दुखण्याला नऊ वर्षं झाली होती. नागपूरच्या दवाखान्यात कागदावर लिहून दिलं होतं : मल्टिपल स्क्लेरोसिस. मज्जातंतूंचा रोग, औषध नाही. आधी नजर अंधुक झाली, ती परत आली. मग पाय कडक होत गेले. १९८४ च्या जानेवारीत गुडघे वाकेनासे झाले. काठी धरून ती लाकडाच्या पायांनी चालावं तशी चालायची, पण बसता येत नव्हतं. पहाटे परसाकडे नवरा मंगरू तिला नेई आणि बगलेत धरून ठेवी. एक्केचाळीस वर्षांच्या शकुनबाईला रोगापेक्षा हे असह्य होतं.

पवनीच्या डॉ. काटेखायेंनी सुईचा उपाय सुचवला. ताठरलेल्या स्नायूत बारीक कोरडी सुई टोचून तो सैल करायचा, हे ते एका शिबिरात शिकले होते.

"रोग यानं जाणार नाही. कडकपणा चार-सहा दिवस कमी होईल, तोही नक्की नाही. या रोगात मी हे पहिल्यांदाच करतोय."

मंगरूचं लक्ष सुईवर होतं. "साहेब, दवाई भराची राहिली."

"दवाई नसतेच यात."

"खाली सुई? रिकामीच? आमी गरीब म्हून का?"

"श्रीमंतालाही रिकामीच टोचतो."

"तुमी चूप बसा न जी," शकुनबाई म्हणाली. "पाय माहा हाय."

सुई आत गेली की मांडीचा स्नायू एकदा उसळायचा आणि ढिला पडायचा. दोन्ही पायांना मिळून बारा वेळा टोचलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे ती एकटीच काठी टेकत तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या आडोशाला गेली आणि स्वतःच्या पायांवर बसली. पण उठता येईना. ऊन निघालं. पाळीवरून बैल घेऊन माणसं जाऊ लागली. तोंडावर पदर ओढून ती तशीच बसून राहिली. शेवटी जाऊ बायजाबाईने तिला पाहिलं.

"वो बाई, इथं काहून बसून राहिली?"

"उठताच येत नाही."

बायजाबाई तिच्यापुढे आडवी उभी राहिली आणि पाळीकडे ओरडली, "काय पायता रे? आपापल्या बैलाकडं पाहा!" मग तिला बगलेत धरून उठवलं.

पवनीला डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "तुमच्या पायात जोर कमीच आहे. त्या कडकपणावरच तुम्ही उभ्या राहत होता. मी बसण्याचं पाहिलं, उठण्याचं पाहिलं नाही. चूक माझी."

"मंग आता सुई नोको," मंगरू म्हणाला.

आठवड्यात पाय पुन्हा ताठरले. शकुनबाईने स्वतःच बैलगाडी जुंपायला लावली.

"साहेब, डाव्या पायाले टोचा. उजवा असाच राहू द्या. एक वाकंल, एक धरंल."

"असं कुठल्या पुस्तकात नाही, बाई."

"पुस्तकाले कुठं परसाकडं जा लागते?"

डॉक्टरांनी सुई हातात घेतली. मग फक्त डाव्या पायाला त्यांनी सहा वेळा टोचलं.

मंगरूने घरामागे खड्डा खणला, शेजारी बांबू पक्का रोवला आणि भोवती आडोशाला बांबूच्या तट्ट्या बांधल्या. दुसऱ्या पहाटे तो तिला तिथवर घेऊन गेला.

"तुमी घरात जा," ती म्हणाली.

तो गेला. आतून त्याने काठी पडल्याचा आवाज ऐकला. दारापर्यंत आला आणि चौकट धरून थांबला. बांबू करकरला, थांबला, पुन्हा करकरला. बऱ्याच वेळाने तट्ट्यांच्या वर तिचं डोकं दिसलं.