पेपरातली पाणंद

सून सरपंच झाल्यापासून सगुणाबाईंच्या घरात पेपर येऊ लागला होता. साधना सकाळी चहा घेता घेता तो वाचायची आणि तिचं झालं की सगुणाबाई चष्मा लावून त्यातली चित्रं बघत बसायच्या. अक्षराशी त्यांचा आयुष्यात कधी संबंध आला नव्हता. चित्र मात्र त्या सावकाश, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघायच्या.

त्या मंगळवारी पौडहून निघणारं साप्ताहिकही आलं. साधनानं ते उघडलं, एक पान बघितलं आणि घडी करून कपाटावर टाकलं. चहा तसाच राहिला.

"काय गं?" सगुणाबाईंनी विचारलं.

"काय न्हाई, आत्या." साधना सासूला आत्या म्हणायची. एवढं बोलून ती मोरीत गेली आणि बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला.

तेवढ्यात सगुणाबाईंचा मुलगा शेखर मोबाइल हातात धरून तणतणत आत आला. "बघितलं का? सगळ्या गावात फिरतंय! आत्ता जातो पौडला अन् त्या छापणाऱ्याला धरून आणतो हितं!"

"आधी मला दाव," सगुणाबाई म्हणाल्या, "मग कुटं जायचं तितं जा."

त्यांनी कपाटावरचा पेपर काढायला लावला आणि ओसरीवर उजेडात मांडी घालून बसल्या.

नांदे गावाच्या पुढं ओढा ओलांडला की बोरवाडी. गावातून शेतांकडं आणि पुढं नदीकाठच्या स्मशानाकडं जाणारी बैलगाडीची जुनी पाणंद होती. तिच्या दोन्ही अंगांची जमीन एका बिल्डर कंपनीनं घेतली, इमारती उठल्या आणि दिवाळीत पाणंदीवर गेट बसलं. दगडी खांब, खांबांवर पिसारा फुलवलेले मोर. वॉचमन वही पुढं करायचा, नाव लिहा म्हणायचा. कंपनीनं पंचायतीकडं अर्ज केला होता की गेटला ना-हरकत द्या, गावाची वाट कायम मोकळी राहील. साधनानं कागदावर सही केली नव्हती. ग्रामसभेत ठेवू, म्हणाली होती. ग्रामसभा शुक्रवारी होती, आणि मंगळवारी हे व्यंगचित्र आलं.

चित्रात डांबरी रस्त्यावर मधोमध एक म्हैस बसली होती. म्हशीच्या डोळ्यांवर साधनाचा चौकोनी चष्मा होता, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिच्या गळ्यातली दोरी शेखरच्या हातात होती. मागं गाड्यांची रांग लागलेली. पुढं उघडं गेट आणि गेटामागं उगवता सूर्य.

"खाली काय लिवलंय?"

शेखरनं मान वळवली. मोरीतून आलेल्या साधनानंच वाचून दाखवलं, "'आधी म्हैस उठू द्या, मग विकास येऊ द्या.'" तिचा आवाज कोरडा होता. "आत्या, शुक्रवारी उपसरपंच सभा चालवू देत. मी आजारी हाय म्हणून सांगते. लोक माझ्या तोंडाकडं बघून हसतील."

चित्रावर बोट ठेवून सगुणाबाई हळूहळू पुढं सरकत होत्या. मग त्यांना हसू आलं.

"ह्यानं म्हैस पाळली न्हाई कधी."

"आई, तुला हसू येतंय?" शेखर चिडला.

"आरं, म्हैस बसती ती तिच्या मनानं बसती. दोरी ओढली तर उठंल, बसायची न्हाई. ह्याला दावायचं व्हतं की बाईला नवऱ्यानं बसवली. बाई स्वतःच्या डोक्यानं बसंल, हे त्याच्या ध्येनीमनी बी न्हाई." त्यांचं बोट गाड्यांवर आलं. "ह्या कुणाच्या? आपला एक ट्रॅक्टर हाय का ह्यात? डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई हाय का? पाणंदीनं जाणारं गाव कुटं गेलं?"

साधना दारापाशी उभी होती ती येऊन शेजारी बसली.

"अन् ह्ये गेट बघ. सताड उघडं काढलंय. आडवी तू, अन् गेट मोकळं! खरं आडवं काय हाय गं तितं?"

"गेट," साधना म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "गेटच की, आत्या."

सगुणाबाईंनी पेपर उलटा केला. मागं पानभर रंगीत जाहिरात होती. गॅलरीत कप घेऊन उभं असलेलं जोडपं, खाली हिरवळ, हिरवळीवर झाडाखाली झोपाळा, त्यावर एक लहान मुलगी. कडेला तेच गेट, तेच मोर. सगुणाबाई बघता बघता थांबल्या. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत लावला.

"हा डोंगर आपला हाय. मधी खांड पडलेला. अन् ह्यो उंबर."

"उंबर तर कुठलाबी असंल, आई."

"एक फांदी जमिनीला टेकलेला उंबर तालुक्यात दुसरा दाव मला. पन्नास वर्सं भाकरी घेऊन ह्याच्याखालनं गेलेय मी." त्यांनी झोपाळ्यावर बोट ठेवलं. "हितं विसाव्याचा दगड हाय. तुझ्या बापाला मसणात न्हेताना हितं टेकवला व्हता, शेखर. खांदा बदलला व्हता."

शेखर वाकून बघू लागला. चित्रात दगड नव्हता. पाणंदही नव्हती. गेटापासून डोंगरापर्यंत सलग हिरवळ होती.

साधनानं जाहिरातीवरचं मोठं अक्षर वाचलं, "'जिथं काहीच नव्हतं, तिथं आता स्वर्ग.'"

"काहीच नव्हतं?" सगुणाबाई म्हणाल्या. "वाट मोकळी ठेवतो म्हणून अर्ज द्यायचा, अन् गिऱ्हाइकाला हिरवळ दावायची. ह्यांनी वाट मनात कवाच बुजवली, साधना. ह्या तोंडाचं खरं का त्या तोंडाचं, त्येवढं इचार त्यास्नी."

"आत्या, तुमीच बोला सभेत. मला असं दिसलं नसतं."

"मी बोलले तर पुढच्या मंगळवारी दोरी माझ्या हातात काढतील. तू सरपंच हायेस. तू बोल."

तीन दिवस साधना तो पेपर घेऊन बसली. चित्रांवर पेनानं गोल करायची, वहीत काहीतरी लिहायची. शेखर पौडला गेला नाही. तिनं त्याला उंबराचा, दगडाचा आणि पाणंदीचा फोटो काढून आणायला पाठवलं, नेमका जाहिरातीत दिसतो त्याच बाजूनं.

शुक्रवारी देवळाचा सभामंडप भरला. इतर वेळी सभेला वीस माणसं मिळायची मारामार. त्या दिवशी चपलांचा ढीग पायरीपर्यंत गेला होता. सगुणाबाई शेजारच्या गंगूबाईंना घेऊन बायकांच्यात मागं बसल्या. कंपनीकडून कौस्तुभ नावाचा गोरागोमटा तरुण अधिकारी आला होता. बोलायला मऊ. येणाऱ्या प्रत्येकाला तो नमस्कार करून एक पेन देत होता.

साधना माइकपाशी गेली आणि मागून कुणीतरी म्हशीसारखं रेकलं. मंडपात हशा पिकला. सगुणाबाईंनी गंगूबाईंचा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

साधनानं हशा संपू दिला. "ज्यानं आवाज काढला त्यानं पुढं यावं," ती म्हणाली. "मला त्याच चित्राबद्दल बोलायचंय, आणि म्हशीची माहिती असलेलं माणूस लागणार आहे."

लोक पुन्हा हसले, पण आता वेगळं हसले.

तिनं चित्र मोठं करून आणलं होतं. ते खांबाला लावलं. "दोरी ओढून म्हैस खाली बसवता येते का? सांगा, कुणाच्या गोठ्यात बसते?"

"छ्या!" दोघंतिघं म्हातारे एकदम म्हणाले. "उठंल उलट!"

"मग ही म्हैस स्वतःहून बसलीय. मी पण. माझ्या नवऱ्याला यात उगाच ओढू नका." शेखरनं मान खाली घातली, पण तो हसत होता. "आता गाड्या बघा. यात आपल्या गावची एक ओळखून दाखवा. नाही ना? चित्र म्हणतंय, विकास यांचा, आणि तो अडला की गाव मूर्ख. बरं, या चित्रातलं गेट उघडं आहे. काल संध्याकाळी गंगूबाईंना वैरण घेऊन तिथं किती वेळ उभं केलं होतं?"

"वॉचमन जेवून येस्तोवर!" गंगूबाई बसल्या जागेवरून ओरडल्या.

"मग पाणंदीत आडवं कोण आहे? मी, का गेट?"

आता कुणी हसलं नाही. साधनानं दुसरा कागद लावला, जाहिरात, आणि शेजारी शेखरनं काढलेला फोटो. तोच डोंगर, तीच जमिनीला टेकलेली फांदी. एकात दगड आणि पाणंद, दुसऱ्यात झोपाळा आणि हिरवळ. तिला काही सांगावंच लागलं नाही. पुढच्या ओळीतला एक म्हातारा उठला, कागदाजवळ गेला, झोपाळ्याला हात लावून म्हणाला, "आरं, ह्यो तर इसावा."

मंडपात गलका झाला.

"सरपंच मॅडम, ते कलात्मक चित्र आहे," कौस्तुभ उठून म्हणाला. "खाली लिहिलंय बघा, चित्र प्रातिनिधिक आहे."

"म्हणजे खरं नाही?"

"म्हणजे... अगदी तसंच असेल असं नाही."

"घर घेणाऱ्याला सांगितलंय का हे, की हिरवळीतनं बैलगाडी जाणार आणि प्रेतं जाणार?" साधनाचा आवाज चढला नव्हता. "तुमच्या बांधकामाच्या नकाशात पाणंद दाखवलीय? दाखवली असेल तर हे चित्र खोटं. नसेल तर तुमचा अर्ज खोटा. कोणतं ते तुम्हीच सांगा."

कौस्तुभनं पिशवीतला नकाशा अर्धा बाहेर काढला आणि परत आत सारला. "वरिष्ठांशी बोलून सांगतो," तो म्हणाला आणि बसला.

सगुणाबाई सुनेकडं बघत होत्या. लग्न होऊन आली तेव्हा ही मुलगी पाहुण्यांसमोर पाणी द्यायला सुद्धा थरथरायची. आता सगळा गाव तिच्या तोंडाकडं बघत होता आणि तिचे हात स्थिर होते. सगुणाबाईंना वाटलं, उठून सांगावं सगळ्यांना, ही माझी हाय. पण त्या बसून राहिल्या.

ना-हरकत द्यायची नाही आणि पाणंदीची मोजणी मागवायची, असा ठराव मांडला गेला. हात वर झाले. रेकणाऱ्यानंही वर केला असणार, कारण खाली राहिलेला हात एकही दिसला नाही.

"सूचक कोण लिहू?" ग्रामसेविका नलिनीताईंनी पेन उचलून विचारलं.

"सगुणाबाई भिवाजी शेडगे," साधना माइकवर म्हणाली. "पेपर मी वाचला होता. पण चित्र त्यांनी वाचलं. मी जे बोलले ते सगळं त्यांनी ओसरीवर बसून मला दाखवलं."

"अगं, नगं!" सगुणाबाई मागून म्हणाल्या. "दोरी काढतील ती!"

"काढू द्या, आत्या. सासू चांगली ओळखू यील अशी काढा म्हणावं."

बायकांनी त्यांना धरून उभं केलं, पुढं नेलं. टाळ्या वाजत होत्या. नलिनीताईंनी कागद फिरवला, नाव कुठं लिहिलंय ते बोटानं दाखवलं. सगुणाबाईंनी ती अक्षरं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सावकाश बघितली आणि ताठ मानेनं अंगठा उमटवला.

दीड महिन्यानं मोजणी झाली. पाणंद होती तिथंच निघाली आणि मोरांसकट खांब उखडावे लागले. साप्ताहिकानं त्याची बातमी छापली नाही. पण बोरवाडीत दुपारची कामं आवरली की बायका सगुणाबाईंच्या ओसरीवर येऊ लागल्या होत्या. कुणाकडं गुडघेदुखीच्या पावडरीचं पत्रक, कुणाकडं निवडणुकीला उभ्या राहिलेल्याचं कॅलेंडर. गंगूबाईंनी एकदा फ्लॅटच्या योजनेचा चकचकीत कागद आणून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"ह्यात काय म्हणत्यात, बघा बरं."

"म्हणत्यात काय ते साधना वाचंल," सगुणाबाई चष्मा लावत म्हणाल्या. "सरक थोडी उजेडातनं. काय दडवलंय ते बघू आपण."